किल्ली सगळ्यांची, नाव कुणाचेच नाही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अमळनेरपासून फार लांब नसलेल्या एका शाळेत मी तेव्हा शिकवत होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरण्याचे दिवस होते. शाळेला एकच लॉगिन आणि एकच पासवर्ड. तो कार्यालयातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला. मुख्याध्यापक, लिपिक, आम्ही तीन-चार शिक्षक आणि संगणकाच्या कामासाठी रोजंदारीवर येणारा एक तरुण, असे सगळे त्याच नावाने आत जात होतो.

मुदत संपल्यावर कळले, की आठवीतल्या एका मुलीचा अर्ज शाळेच्या पातळीवरच ‘नामंजूर’ झाला आहे. तिचे वडील बाजार समितीत हमाली करणारे. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. हे कुणी केले, याची चौकशी झाली. संगणकातली नोंद एवढेच सांगत होती, की शाळेने केले. शाळा म्हणजे कोण? सगळ्यांच्या नजरा त्या रोजंदारीच्या पोराकडे वळल्या. “सर, मैंने नहीं किया,” तो मला म्हणाला. त्याने केले नाही हे त्याला सिद्ध करता येत नव्हते. त्याने केले हे कुणालाही सिद्ध करता येत नव्हते. त्याच आठवड्यात त्याच पासवर्डने मीही दोन-तीनदा आत गेलो होतो आणि घाईत एखादे चुकीचे बटण माझ्याकडूनच दाबले गेले नसेल, अशी शपथ मला घेता आली नसती. मी गप्प बसलो. आठवडाभराने तो यायचा बंद झाला.

ही गोष्ट मनाच्या तळाशी जाऊन बसली होती. गेल्या ईदला पुण्यात नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शीरखुर्मा पिता पिता आपल्या कामाबद्दल बोलू लागला. म्हणाला, “सर, आमच्याकडे आता माणसांनाच नाही, प्रोग्रामलाही स्वतःची ओळख देतात. प्रत्येक ॲपला त्याचं नाव, त्याचा अधिकार, त्याची नोंद.” मी हसलो. म्हटले, माणसाला ओळखपत्र मिळवताना नाकी नऊ येतात आणि तुम्ही यंत्रांना वाटत सुटलात! पण तो गेल्यावर मला ते कपाट आठवले. त्यानंतर या विषयाचा इतिहास मी जमेल तसा वाचत गेलो. तो संगणकाच्याही बराच आधी सुरू होतो.

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला एक सुख असते. एकाच शब्दाला दोन घरी जेवताना बघता येते. वकील, मुखत्यार, परवाना, दस्तक, मोहर, अमानत हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी कागदपत्रांत असे मुरले, की आज ते परके वाटत नाहीत. हे सगळे शब्द एकाच प्रश्नाभोवती फिरतात: मालक स्वतः हजर नसताना त्याचे काम दुसऱ्याने करायचे असेल, तर त्या दुसऱ्याला किती अधिकार द्यायचा आणि तो अधिकार त्याचाच आहे हे ओळखायचे कसे?

आपल्याकडे यावर चांगला तोडगा आधीपासून आहे. आखाती देशात नोकरीला गेलेला भाऊ गावातल्या भावाला मुखत्यारपत्र करून देतो. त्याचे दोन प्रकार असतात. कुलमुखत्यारपत्र दिले, की घेणारा जवळजवळ सगळेच व्यवहार करू शकतो. खास मुखत्यारपत्र मात्र एका कामापुरते असते: अमुक गटातली जमीन विकण्यापुरते किंवा अमुक दाव्यात हजर राहण्यापुरते. भारतात मुखत्यारपत्राचा कायदा १८८२चा आहे. शहाणा माणूस कुलमुखत्यारपत्र देताना दहा वेळा विचार करतो. आणि कोणत्याही मुखत्यारपत्रावर घेणाऱ्याचे नाव असतेच. “हा कागद ज्याच्या हातात असेल त्याला माझी जमीन विकण्याचा अधिकार आहे,” असे कुणी लिहून देत नाही. आमच्या कपाटातली चिठ्ठी नेमकी तशी होती.

ज्याच्या हातात कागद त्याचा अधिकार, असे झाले म्हणजे काय होते, याचा एक मोठा दाखला आपल्या देशाच्या इतिहासात आहे. त्यासाठी खानदेशातून बंगालमध्ये जावे लागेल. १७१७मध्ये मुघल बादशाह फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिले. वर्षाला ३ हजार रुपये भरायचे आणि बंगालमध्ये जकातीविना व्यापार करायचा. कंपनीचा माल कोणता हे चौकीवर कळावे म्हणून कंपनीचा अधिकारी ‘दस्तक’ देत असे. दस्तक दाखवला, की माल पुढे. सवलत कंपनीच्या मालाला होती. पण कंपनीचे नोकर स्वतःच्या खासगी धंद्यालाही तोच दस्तक वापरू लागले. पुढे तर पैसे घेऊन तो इतर व्यापाऱ्यांनाही मिळू लागला. चौकीवरचा माणूस काय करणार? त्याच्यासमोर कागद खरा होता. कागद आणणारा मात्र तो नव्हता, ज्याच्यासाठी कागद काढला होता.

नवाब मीर कासिम याने तक्रारी केल्या, वाटाघाटी केल्या. अखेर १७६३मध्ये वैतागून त्याने अंतर्गत जकातच सर्वांसाठी रद्द केली. त्यामुळे देशी व्यापारी आणि कंपनीचे नोकर एका पातळीवर आले. ते कंपनीला सोसले नाही. युद्ध पेटले, २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सरची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. या युद्धाची कारणे अनेक आहेत. पण नाव नसलेला, हातोहात फिरणारा परवाना हे त्यातले एक ठळक कारण होते.

याच्या उलट उदाहरण आपल्या गावातले आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरात ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी सुरू केली. वनस्पती तूप आणि त्याबरोबर ‘७८७’ छाप कपड्यांचा साबण. १९६६मध्ये ते गेले आणि शिक्षण अर्धे सोडून आलेल्या २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला. तीच आजची विप्रो. गावातल्या अनेक साध्या माणसांनी तेव्हा या कंपनीचे शेअर घेतले आणि मुलांच्या काळात त्यांचे सोने झाले, ही कथा अमळनेरात कुणालाही विचारा.

त्या शेअरचे कागद लोकांनी ट्रंकेत, गादीखाली, कुठे कुठे ठेवले होते. पण शेअर हा कागद ज्याच्या हातात त्याचा नव्हता. कंपनीच्या नोंदवहीत ज्याचे नाव, त्याचा होता. कागद हरवला, उंदरांनी खाल्ला, तरी मालकी जात नसे. रीतसर अर्ज करून दुसरी प्रत मिळवता येत असे. कागद चोरणाऱ्यालाही नुसत्या कागदाने मालक होता येत नसे. दस्तक आणि शेअर यांतला हा फरक लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

आता संगणकाकडे येऊ. १९७०च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली घडत होती. एका यंत्रावर अनेक माणसे काम करत. तिथे एक अडचण आली. प्रत्येकाला आपला पासवर्ड बदलता यायला हवा, पण सगळ्यांचे पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहेत ती कुणाच्याही हातात जाता कामा नये. डेनिस रिची यांनी तोडगा काढला. फाइल माणसाच्या हातात द्यायचीच नाही. एक ठरावीक प्रोग्राम लिहायचा आणि तो चालताना चालवणाऱ्याच्या नव्हे, तर आपल्या मालकाच्या ओळखीने चालेल अशी सोय करायची. सातबाऱ्यावर नाव चढवायचे तर तलाठी आपल्या हातात वही देत नाही. आपण अर्ज देतो, फेरफार तो लिहितो. तसेच हे. या कल्पनेचे पेटंट रिचींच्या नावावर १९७९मध्ये मंजूर झाले. प्रोग्रामला चालवणाऱ्यापेक्षा वेगळी ओळख देण्याची ही एक जुनी आणि महत्त्वाची पायरी.

पण ओळख देताना माणसे आळशीपणा करतात. वेगळे नाव, वेगळा अधिकार ठरवत बसण्यापेक्षा थेट सर्वाधिकारी मालकाचेच नाव देऊन टाकतात. खास मुखत्यारपत्राऐवजी कुलमुखत्यारपत्र. १९७५मध्ये सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी एका लेखात यावरचा नियम मांडला: प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक माणसाला कामापुरताच, कमीत कमी अधिकार असावा. आजही संगणक-सुरक्षेच्या वर्गात हा नियम सुरुवातीलाच शिकवतात.

नियम मोडला की काय होते, याचा एक मजेशीर किस्सा नॉर्म हार्डी यांनी १९८८मध्ये लिहिला. टाइमशेअर नावाच्या अमेरिकी कंपनीत एक प्रोग्राम होता. आपल्या वापराची आकडेवारी लिहिण्यासाठी त्याला एका खास कप्प्यात लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. त्याच कप्प्यात ग्राहकांच्या बिलांची फाइल होती. एका वापरकर्त्याने प्रोग्रामला सांगितले, की माझे काम झाल्यावर त्याची माहिती अमुक फाइलमध्ये लिही आणि नाव दिले बिलांच्या फाइलचे. त्या माणसाला तिथे लिहिण्याचा अधिकार नव्हता. पण प्रोग्रामला होता. प्रोग्रामने हुकूम पाळला आणि बिले पुसली गेली. हा प्रोग्राम चोर नव्हता. तो दोन मालकांच्या मध्ये गोंधळलेला मुनीम होता. हातात तिजोरीची किल्ली आहे, पण ही उघड कुणासाठी, हे त्याला कळत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आणखी एक पाऊल पुढे पडले. १९८३मध्ये सुरू झालेल्या अथेना प्रकल्पात शेकडो संगणक एकमेकांना जोडले गेले होते. तिथे ‘कर्बेरोस’ नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात माणसांबरोबर सेवा देणाऱ्या यंत्रांचीही नावे नोंदवहीत असत. पासवर्ड तारेवरून पाठवायचा नाही. ओळख पटवून एक तिकीट घ्यायचे. त्या तिकिटावर नाव असते आणि मुदतही असते. मुदत संपली, की ते रद्दी. एसटीच्या पासासारखे समजा. दुसऱ्याने नेला तरी त्यावर नाव वेगळे आणि महिना संपला की कुणाच्याच कामाचा नाही.

मग क्लाउड आला. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले भाड्याचे संगणक. ही काही ढगातली वस्तू नाही. मायक्रोसॉफ्टची अशी केंद्रे सप्टेंबर २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे सुरू झाली. ॲमेझॉनचे मुंबईतले केंद्र २०१६मधले. बँका, दवाखाने, शासकीय खाती यांचे कितीतरी काम आता अशा भाड्याच्या यंत्रांवर चालते. तिथे एक ॲप दुसऱ्या कोठारातून माहिती वाचते, तिसऱ्याला पाठवते. माणूस मध्ये नसतोच. मग कोठाराने त्या ॲपला ओळखायचे कसे?

सुरुवातीला उत्तर सोपे होते. गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ, प्रोग्रामच्या आतच लिहून ठेवायची. कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी! ती लिहिणाऱ्या प्रत्येकाला दिसते, प्रोग्रामच्या प्रत्येक प्रतीबरोबर जाते आणि वर्षानुवर्षे बदलली जात नाही. २०१६मध्ये उबर या टॅक्सी कंपनीचे असेच झाले. अभियंते प्रोग्राम जिथे ठेवत त्या खासगी जागेत चोर शिरले. तिथे क्लाउडची किल्ली लिहिलेली सापडली. तिने त्यांनी ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती उतरवून घेतली. कोठाराच्या दारावर कुणी कुलूप फोडले नाही. किल्ली खरी होती, आणणारा खोटा होता. कलकत्त्याचा दस्तकच तो.

माझा विद्यार्थी सांगत होता ती नवी रीत यावरचा उपाय आहे. ॲमेझॉनने तो आपल्या क्लाउडमधल्या यंत्रांसाठी जून २०१२मध्ये आणला, मायक्रोसॉफ्टने २०१७मध्ये. त्याचे काम असे चालते. ॲपमध्ये कोणतीही किल्ली लिहायची नाही. क्लाउड चालवणाऱ्याच्या नोंदवहीत त्या ॲपचे नाव चढवायचे. ज्या यंत्रावर ॲप चालते ते यंत्र क्लाउडनेच उभे केलेले असते, म्हणून विचारणारा कोण हे त्याला आधीच ठाऊक असते. ॲपला काम पडले, की ते यंत्राच्या आतूनच पोहोचता येणाऱ्या एका पत्त्यावर मागणी करते. क्लाउड त्याला काही तासांचे, सही केलेले टोकन देतो. ते टोकन घेऊन ॲप कोठाराच्या दारात जाते. कोठार सही तपासते, नाव बघते, या नावाला फक्त वाचण्याचा अधिकार आहे की लिहिण्याचाही, ते बघते आणि मग दार उघडते. कोण आले, केव्हा आले, काय नेले याची नोंद त्या ॲपच्या नावावर ठेवता येते. यातल्या एका प्रकारात तर ॲपचे यंत्र मोडीत काढले, की त्याची ओळखही आपोआप पुसली जाते. थोडक्यात, दस्तक जाऊन शेअरची नोंदवही आली.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. २०१९मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन या बँकेत हीच नवी रीत होती. तिथल्या एका रक्षक प्रोग्रामला स्वतःची ओळख होती. बाहेरून एका व्यक्तीने त्याला चकवून त्या आतल्या पत्त्यावर मागणी करायला लावली आणि मिळालेला तात्पुरता परवाना स्वतःकडे घेतला. हार्डींचा गोंधळलेला मुनीम पुन्हा भेटला. पण खरे नुकसान पुढे झाले. त्या रक्षकाला कामासाठी लागतो त्याहून कितीतरी जास्त अधिकार दिलेला होता. त्यामुळे अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती हाती लागली. बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. ओळख स्वतंत्र होती, पण दिलेले मुखत्यारपत्र कुल होते. ॲमेझॉनने त्याच वर्षी त्या आतल्या पत्त्यावरची तपासणी अधिक कडक करण्याची सोय आणली.

हे सगळे अमेरिकेत घडते, आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. त्याने नंदुरबारकडे बघावे. १९९८पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. तिथल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. म्हणजे माणसाला यंत्रात ओळखता येईल असे नाव देण्याची सुरुवात आपल्या खानदेशातून झाली. पण आधारची माहिती विचारायला माणूस जात नाही, ॲप जाते. २०१७च्या ऑगस्टमध्ये बंगळूरु पोलिसांनी एका तरुण अभियंत्याला अटक केली. शासकीय रुग्णालयांसाठीच्या ई-हॉस्पिटल या प्रणालीच्या वाटेने त्याच्या ॲपने विनापरवाना आधारची माहिती मिळवली, असा आरोप होता. आरोपाचा मथितार्थ एवढाच: एका ॲपला दिलेल्या दारातून दुसरेच ॲप आत गेले. माणसाची ओळख कितीही पक्की करा, तिच्याबद्दल विचारणाऱ्या यंत्राची ओळख कच्ची असेल तर तिचा उपयोग किती?

आपल्या समाजात ‘अमानत’ हा शब्द फार जपून वापरतात. कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. अमानत सांभाळायची तर जबर कुलूप पाहिजे, असे आपल्याला वाटते. हा इतिहास वाचून मला वाटू लागले, की कुलपाआधी नाव पाहिजे. ज्याच्यावर सोपवले त्याचे नाव, त्याला किती सोपवले याची हद्द आणि केव्हापर्यंत याची मुदत. या तीन गोष्टी नसतील तर चोर सापडत नाही, हे तर खरेच. पण त्याहून वाईट म्हणजे निर्दोष माणूस सुटत नाही. किल्ली सगळ्यांची असली, की संशय सगळ्यांवर सारखा पडत नाही. तो नेहमी घरंगळत जाऊन सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याच्या अंगावर पडतो. ज्याची नोकरी कच्ची, ज्याच्या बाजूने बोलणारा कुणी नाही, त्याच्यावर. हे सांगायला मला संगणकाचे पुस्तक उघडावे लागत नाही.

आता मी ज्या शाळेत आहे तिथे मी एक हट्ट धरला आहे. जिथे वेगळे लॉगिन मिळते तिथे प्रत्येकाने वेगळे घ्यायचे. जिथे एकच मिळते तिथे शेजारी वही ठेवायची: कोण बसले, किती वाजता, कशासाठी. काही सहकारी हसतात. “सर, तुमचा विश्वास नाही का आमच्यावर?” असे विचारतात. मी सांगतो, विश्वास आहे म्हणूनच. उद्या काही झाले तर तुमच्या बाजूने बोलायला ही वही असेल.

आणि तो तरुण? धुळ्याला एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, असे कळले होते. ईदनंतर मी मुद्दाम गेलो. त्याने ओळखले, खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितले, की त्या आठवड्यात त्या पासवर्डने मीही आत गेलो होतो आणि चौकशीच्या वेळी ते बोललो नाही.

त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला.

“सर,” तो म्हणाला, “ये तब बोलना था ना.”